डबा घेण्याआधी इंजिन मोजा : वाचकांचे प्रश्न

बदललेल्या गाडीसाठी बाहेरचा ईसीयू, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क किती व कधी द्यायचा ते ठरवणारा कॉम्प्युटरचा डबा, कुठला घ्यावा, या एकाच विषयावर या वेळी इतकी पत्रं आली की ब्रेक आणि सस्पेन्शनचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलावे लागले.

प्रश्न : जिप्सीत बलेनोचं १.६ इंजिन बसवलं आहे. कॅम जास्त लिफ्टचे (व्हॉल्व्ह जास्त उघडणारे), हेडर्स (एक्झॉस्टचे पाइप) बाहेरून बनवून घेतलेले. जुन्या ईसीयूवर आयडलला गाडी हुंदके देते आणि वरच्या आरपीएमला दम लागत नाही. एक जण पिगीबॅक सांगतो, दुसरा हॉलटेक, तिसरा लिंक. काय घेऊ? – वाचक, सांगली

उत्तर : कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा. आधी बॉनेट उघडा आणि कागद-पेन घेऊन इंजिनावर काय आहे ते लिहून काढा. क्रँकला दातांचं चाक आहे का, त्याला किती दात आहेत आणि किती गाळलेत, सेन्सर दोन तारांचा आहे की तीन. डिस्ट्रिब्युटर आहे की कॉइल. इंजेक्टरचा रेझिस्टन्स किती ओहम. थ्रॉटल केबलचा आहे की मोटरचा. आयडल व्हॉल्व्ह दोन तारांचा सोलेनॉइड आहे की चार तारांची स्टेपर मोटर. पंखा, पेट्रोल पंप, एसी क्लच, टॅकोमीटर यांना मिळून किती आउटपुट लागणार. ही यादी झाली की निम्मे डबे आपोआप गळतात.

पिगीबॅक तुमच्या कामाचा नाही. तो सेन्सर आणि मूळ ईसीयूच्या मधे बसून ईसीयूला थोडी थाप मारतो. पण आयडलला आणि हलक्या थ्रॉटलला मूळ ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघून मिश्रण सुधारत असतो. काही दिवसांत तो ती थाप ओळखतो आणि सगळं परत जागेवर आणून ठेवतो. एअर फिल्टर आणि एक्झॉस्ट एवढाच बदल असता तर पिगीबॅकवर भागलं असतं. तुमचे कॅम बदललेले आहेत.

आणि दुखणं नेमकं तिथेच आहे. मूळ कॅमवर आयडलला मॅनिफोल्डचा दाब साधारण ३० ते ४० किलोपास्कल असतो आणि स्थिर असतो. जास्त ओव्हरलॅपच्या (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे ठेवणाऱ्या) कॅमवर तो ५० ते ६० वर जातो आणि सतत नाचतो. दाब वाढला म्हणजे इंजिनावर लोड आला, असं मूळ ईसीयू समजतो आणि पेट्रोल ओततो. इंजिन गुदमरतं, आरपीएम पडतो, मग ईसीयू आयडल व्हॉल्व्ह उघडतो, आरपीएम चढतो. तुम्ही ज्याला हुंदके म्हणता ते हेच. स्टँडअलोन, म्हणजे मूळ ईसीयूची पूर्ण जागा घेणाऱ्या ईसीयूमध्ये मॅप सेन्सरचं (मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचं) रीडिंग एका पूर्ण इंजिन सायकलवर सरासरी करून घेता येतं, आणि तरीही नाचत असेल तर खालच्या भागात मॅपऐवजी थ्रॉटल पोझिशनवर पेट्रोलचं टेबल (आकड्यांचा तक्ता) चालवता येतं. डबा घेताना हीच गोष्ट विचारा : लोडसाठी दोन टेबलं एकमेकांत मिसळता येतात का? हॉलटेक ऑस्ट्रेलियाची, लिंक न्यूझीलंडची. दोघींच्याही चार सिलिंडरच्या लहान मॉडेलमध्ये तुमचं काम होतं. मोठ्या मॉडेलचे जास्तीचे आउटपुट तुम्ही आयुष्यभर रिकामे ठेवाल.

डिस्ट्रिब्युटर असेल तर तो टायमिंगसाठी ठेवू नका. तो कॅमवरून फिरतो, म्हणजे टायमिंग बेल्टचा ताण आणि जोडातला ढिलेपणा सगळा स्पार्कमध्ये उतरतो. क्रँक पुलीवर ३६ दातांचं, एक दात गाळलेलं चाक बसवा. एक दात म्हणजे १० अंश. सेन्सरची पट्टी ब्लॉकवर घट्ट बोल्ट केलेली हवी. पत्र्याची लवचिक पट्टी ५००० च्या वर थरथरते आणि तुम्ही ट्यूनच्या मॅपमध्ये (ईसीयूत भरलेल्या आकड्यांत) चूक शोधत बसता. गॅप ०.८ ते १ मिलिमीटर. गाळलेला दात टीडीसीजवळ (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेजवळ) सेन्सरसमोर येऊ देऊ नका. स्टार्टर मारताना कॉम्प्रेशनमुळे क्रँक टीडीसीपाशी अडखळतो आणि त्या अडखळण्यातच ईसीयूला खोटी फट दिसते. फोर्डने आपल्या चार सिलिंडरच्या इंजिनांत ती फट टीडीसीच्या ९० अंश आधी ठेवली होती. तीच जागा घ्या. कॉइल दोन जोड्यांत, १-४ आणि २-३. कॅम सेन्सर नसला तरी गाडी व्यवस्थित चालते.

मग राहिला ट्यूनर, म्हणजे ईसीयूत आकडे भरणारा. तुमच्यापासून गाडी ट्रेलरवर टाकून नेता येईल इतक्या अंतरावर डायनो (गाडीची ताकद मोजायचं यंत्र) असलेला माणूस शोधा आणि तो रोज ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो तोच डबा घ्या. पैसे देण्याआधी एक गोष्ट कबूल करून घ्या : ट्यून केलेली फाइल पासवर्डशिवाय तुमच्या हातात मिळणार. कुलूप लावलेली फाइल घेऊन दुसऱ्या ट्यूनरकडे गेलात तर तो पहिल्यापासून सुरू करतो.

प्रश्न : होंडा सिटी १.५ व्हीटेकला लहान टर्बो लावतोय. १८० बीएचपी हवेत. इंजेक्टर किती सीसीचे घ्यावेत? व्हीटेक ईसीयूतून चालेल ना? नॉक सेन्सर लावायचा का? – वाचक, पिंपरी

उत्तर : टर्बो पेट्रोल इंजिनाला एका बीएचपीमागे मिनिटाला साधारण ६.३ सीसी पेट्रोल लागतं. १८० ला ११३४ सीसी, चार इंजेक्टरमध्ये प्रत्येकी २८४. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून ०.८ ने भागा : ३५५. आता पंपावर ई२० मिळतं, त्याला सात-आठ टक्के जास्त पेट्रोल लागतं, म्हणजे ३८० च्या पुढे. ४४० सीसीचा संच घ्या आणि निवांत राहा. १००० सीसीचे ‘पुढे उपयोगी पडतील’ म्हणून घेऊ नका. आयडलला इतक्या कमी वेळासाठी उघडावे लागतात की मिश्रण हलतं राहतं.

घेताना इंजेक्टरचा डेड टाइमचा तक्ता मागा. इंजेक्टरला विजेचा इशारा मिळाल्यापासून प्रत्यक्ष उघडेपर्यंत वेळ जातो. १४ व्होल्टला तो एक मिलिसेकंदाच्या आसपास असतो आणि व्होल्टेज पडलं की वाढतो. हा तक्ता चुकला की रात्री हेडलाइट, पंखा आणि एसी एकदम लावल्यावर आयडल लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), आणि लोक थ्रॉटल बॉडी साफ करत बसतात. तक्ता न देणारा विक्रेता स्वस्त वाटला तरी महाग पडतो.

रेझिस्टन्स मीटरवर मोजा. १२ ते १६ ओहम आला तर सरळ जोडा. २-३ ओहम आला तर पीक-अँड-होल्ड (आधी जास्त, मग कमी करंट देणारा) ड्रायव्हर असलेला ईसीयू लागतो किंवा प्रत्येक इंजेक्टरला बॅलास्ट रेझिस्टर. नाहीतर ड्रायव्हर तापून जातो. कॉइलचंही तसंच. आत इग्नायटर असलेल्या कॉइलला ईसीयूचा ५ व्होल्टचा इशारा पुरतो. इग्नायटर नसलेली कॉइल सरळ त्या आउटपुटला जोडली तर डब्यातला ड्रायव्हर जळतो, आणि हे वॉरंटीत बसत नाही.

व्हीटेकचा, म्हणजे वरच्या आरपीएमला कॅम बदलणाऱ्या यंत्रणेचा, सोलेनॉइड बघा. त्याला एकच तार आहे. अर्थ बॉडीतून मिळतो, म्हणजे ईसीयूने १२ व्होल्ट पाठवावे लागतात. बहुतेक बाहेरच्या ईसीयूंचे आउटपुट अर्थ देणारे असतात. दोन मार्ग आहेत : हाय-साइड (१२ व्होल्ट देणारा) आउटपुट असलेला डबा घ्या, किंवा मधे रिले टाका. रिले पन्नास-शंभर रुपयांत होतो आणि इथे चांगला चालतो. व्हीटेक कुठे लावायचा ते डायनोवर ठरवा : एकदा तो बंद ठेवून पूर्ण रन घ्या, एकदा सुरू ठेवून. दोन्ही टॉर्कच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तो आकडा. तेल गरम होईपर्यंत तो लागणार नाही अशी अटही टाका.

नॉक सेन्सर जरूर लावा. सिलिंडरमध्ये नॉक (मिश्रणाचा अवेळी स्फोट) झाला की त्याचा सूर बोअरवर ठरतो. ९०० ला पाय गुणिले बोअरच्या त्रिज्येने भागा, त्रिज्या मिलिमीटरमध्ये, उत्तर किलोहर्ट्झमध्ये. तुमचा बोअर ७५ मिमी, त्रिज्या ३७.५, म्हणजे साधारण ७.६. बॉशचा चकतीसारखा वाइडबँड सेन्सर ब्लॉकच्या वरच्या भागात, सिलिंडर २ आणि ३ च्या मधे, यंत्राने साफ केलेल्या पृष्ठभागावर, २० न्यूटन मीटरने घट्ट करा. खाली वॉशर नको, रंग नको, स्पॅनरने अंदाजे नको. आणि सेन्सर आहे म्हणून टायमिंग टोकावर नेऊ नका. पिस्टनच्या ठोक्यांचा आवाजही याच सेन्सरला ऐकू येतो. आधी स्वच्छ चालताना दर आरपीएमला किती आवाज असतो त्याची रेषा बांधा, मग तिच्या वरची पातळी लावा.

मॅप सेन्सर तीन बारचा घ्या. सेन्सर निरपेक्ष दाब मोजतो, म्हणजे बाहेरच्या हवेचा एक बार धरून : अर्धा बार बूस्ट म्हणजे दीड बार. जुना एक बारचा सेन्सर बूस्ट दिसण्याआधीच टेकतो आणि तुमचा ईसीयू आंधळा होतो.

प्रश्न : स्टँडअलोन बसवून झाला, गाडी सुरू होते, पण ४२०० च्या वर मिस मारते. लॉगमध्ये ‘ट्रिगर एरर’ दिसतो. वायरिंग एका गॅरेजमध्ये करून घेतलं. तो म्हणतो मॅप चुकलाय, ट्यूनर म्हणतो वायरिंग. – वाचक, नाशिक

उत्तर : ट्रिगर एरर म्हणजे ईसीयूला क्रँकच्या चाकाचे दात नीट मोजता आले नाहीत. तो मॅपमधून येत नाही. तुमच्या क्रँकला दोन तारांचा व्हीआर (चुंबकीय) सेन्सर असेल तर पुढच्या क्रमाने जा.

पहिलं, ध्रुवता. दोन तारा उलट्या असतील तर दाताच्या मध्याऐवजी कडेला ईसीयू गिनती करतो. खाली आरपीएमला चालतं, वर सरकतं. ट्रिगरचा ऑसिलोस्कोप बहुतेक चांगल्या ईसीयूंच्या सॉफ्टवेअरमध्येच असतो. गाळलेल्या दातापाशी लाट शून्य ओलांडते ती कुठल्या दिशेने, ते बघा आणि डब्याच्या मॅन्युअलशी जुळवा. दुसरं, शील्ड. क्रँकची तार शील्ड असलेलीच हवी आणि शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ. दोन्ही टोकांना अर्थ केलं की शील्डच अँटेना होतं. तिसरं, प्लग. रेझिस्टर नसलेले रेसिंगचे प्लग असतील तर ते आधी काढा. निम्म्या तक्रारी इथे संपतात. चौथं, कॉइलचा अर्थ हेडला, ईसीयूचा पॉवर अर्थ ब्लॉकला, आणि सेन्सरचा अर्थ ईसीयूच्या सेन्सर-अर्थ पिनला. तो शेवटचा कुठेही बॉडीला जोडलेला नको. पाचवं, गॅप.

हे सगळं नीट असेल तरच चाकाची तपासणी करा. डायल गेज लावून हाताने फिरवा. चाक लंबगोल फिरत असेल तर काही दात जवळून आणि काही दुरून जातात, आणि आरपीएम वाढला की व्हीआर सेन्सरचं व्होल्टेजही वाढत असल्यामुळे चूक वरच उघडी पडते.

दोघांच्या भांडणात एक काम राहून गेलं असणार. ईसीयूमध्ये टायमिंग १० अंशांवर लॉक करा, टायमिंग लाइट घ्या आणि पुलीवर खरोखर १० दिसतात का ते पहा. दोन हजारला बघा, मग चार हजारला. स्थिर राहायला हवं. खूण सरकत गेली तर ट्रिगरचा विलंब भरलेला नाही. हा तपास झाल्याशिवाय डायनोवर गाडी चढवणाऱ्या ट्यूनरला पैसे देऊ नका. त्याच्या स्क्रीनवरचे २५ अंश इंजिनात ३२ असू शकतात, आणि पिस्टनला स्क्रीन दिसत नाही.

प्रश्न : पोलो जीटी टीएसआय, डीएसजी. स्टँडअलोन घेतला तर रिमॅपपेक्षा (मूळ ईसीयूतलेच आकडे बदलण्यापेक्षा) जास्त ताकद मिळेल का? – वाचक, ठाणे

उत्तर : नको. मूळ ईसीयू, गिअरबॉक्स, एबीएस, मीटर आणि इमोबिलायझर कॅन बसवर (सगळ्यांच्या सामाईक तारांवर) सतत बोलत असतात. डीएसजी गिअरबॉक्सचा कंट्रोलर तर इंजिनाचा टॉर्क विचारून क्लच दाबतो. ते उत्तर मिळालं नाही की गिअरबॉक्स लिम्प मोडमध्ये, म्हणजे गाडी जेमतेम चालते. तुमचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा बॉक्स २५० न्यूटन मीटरसाठी बांधलेला आहे. रिमॅप तिथपर्यंत सहज पोचतो. अडचण ईसीयूची नाहीच.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या चौथ्या वर्षात आहोत. फॉर्म्युला स्टुडंटसाठी (विद्यार्थ्यांनी रेसिंग गाडी बांधायची स्पर्धा) केटीएम ३९० चं इंजिन वापरतोय. स्पीडुइनो ईसीयू स्वतः बांधायचा विचार आहे. चालेल का, की मेगास्क्वर्ट घ्यावा? – विद्यार्थी, पुणे

उत्तर : चालेल, आणि शिकण्यासाठी यापेक्षा चांगलं काही नाही. स्पीडुइनो आर्डुइनो मेगा २५६० वर उभा आहे, सर्किट आणि कोड दोन्ही उघडे आहेत, ट्यूनर स्टुडिओ हे सॉफ्टवेअर त्याला सरळ जोडलं जातं. एका सिलिंडरला एक इंजेक्टर आणि एक कॉइल, म्हणजे ताकदीचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो थ्रॉटलचा. २०१७ पासूनच्या ३९० ड्यूकला राइड-बाय-वायर, म्हणजे मोटरचा थ्रॉटल, आहे. मूळ स्पीडुइनो बोर्ड मोटरचा थ्रॉटल चालवत नाही. जुन्या ३९० ची केबलची थ्रॉटल बॉडी घ्या. स्पर्धेच्या नियमांतही इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची कागदपत्रं आणि तपासणी डोकेदुखी असते.

एक सिलिंडर म्हणजे मॅनिफोल्डमध्ये दाब स्थिर राहतच नाही. दोन फेऱ्यांत एकदा खोल ओढ, बाकी वेळ दाब वर. त्यात पेट्रोलच्या गाडीला २० मिलिमीटरचा रेस्ट्रिक्टर (हवा अडवणारी अरुंद वाट) सक्तीचा. मोठा प्लेनम (हवा साठवणारी पेटी) लावलात तर दाब शांत होतो पण थ्रॉटलचा प्रतिसाद मंद होतो. थ्रॉटल पोझिशनवर टेबल चालवा, आणि मॅपचं रीडिंग घ्यायचं असेल तर सायकलमधलं किमान मूल्य घ्या. स्पीडुइनोत तो पर्याय आहे.

मार खातात ते बांधणीत. कॉइलने स्पार्क टाकला की यूएसबीचा संपर्क तुटतो, लॉग थांबतो, आणि ट्यूनिंगचा दिवस वाया. डबा धातूचा, यूएसबी केबल आखूड आणि फेराइटवाली, रेझिस्टर प्लग. बोर्डवरचे सोल्डर सांधे गाडीच्या हादऱ्याने सुटतात. जड कपॅसिटरखाली सिलिकॉनचा थेंब टाका. हार्नेसमध्ये सोल्डर करू नका, क्रिंप करा. सोल्डर झालेली तार जोडापाशी कडक होते आणि नेमकी तिथेच मोडते. तारेचं आवरण पीव्हीसी नको, एक्झॉस्टजवळ वितळतं. क्रॉस-लिंक्ड आवरणाची पातळ तार घ्या. मेगास्क्वर्टचं म्हणाल तर जास्त जुना, जास्त लोकांनी वापरलेला, पण तुमच्या टीममध्ये कोणाला सोल्डरिंग येत असेल तर त्यासाठी जास्त पैसे घालवण्याचं कारण दिसत नाही. कोईमतूरच्या कारी ट्रॅकवर स्पर्धेला जाताना मात्र एक तयार, चालवून पाहिलेला दुसरा बोर्ड बॅगेत असू द्या.

प्रश्न : ई२० आल्यापासून माझी ट्यून केलेली गाडी लीन दाखवते. ट्यून २०२१ चं. वाइडबँड मीटरवर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या) १४.७ ठेवायचं की १३.५? फ्लेक्स सेन्सर (इथेनॉलचा टक्का मोजणारा) लावू का? – वाचक, म्हापसा

उत्तर : मीटर लॅम्बडावर करा, प्रश्नच उरत नाही. लॅम्बडा १ म्हणजे पूर्ण ज्वलन, पेट्रोल कुठलंही असो. निव्वळ पेट्रोलला तो १४.७ ला येतो, ई२० ला साधारण १३.५ ला. बरेच मीटर आत लॅम्बडा मोजून बाहेर १४.७ ने गुणून दाखवतात. म्हणून मीटरवर १४.७ दिसलं तर ई२० वरही तुम्ही लॅम्बडा १ लाच आहात. तुमचं २०२१ चं ट्यून कमी इथेनॉलवर केलेलं असणार, म्हणून पूर्ण थ्रॉटलला ते आता लीन आहे. क्लोज्ड लूपमध्ये (ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघून मिश्रण सुधारतो तेव्हा) लक्षात येत नाही, पूर्ण थ्रॉटलला येतं. मुख्य इंधन टेबल उचलून परत लॉग घ्या.

फ्लेक्स सेन्सर लावण्याचं कारण एकच : वेगवेगळ्या पंपांवर, वेगवेगळ्या महिन्यांत टक्का बदलतो. सेन्सर ५० हर्ट्झला शून्य टक्के आणि १५० ला शंभर टक्के सांगतो. ईसीयूला एक डिजिटल इनपुट रिकामा हवा. तो रिकामा आहे का, हे डबा घेतानाच बघायचं असतं.

वाइडबँडसाठी बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर वापरा. टर्बो असेल तर टर्बोनंतर एक्झॉस्टमध्ये साधारण ९० सेंटिमीटरवर, आणि आडवा नाही. आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर, म्हणजे पाणी आत साचत नाही. इंजिन चालू असताना सेन्सरची वीज बंद ठेवली तर काजळी बसून तो मरतो.

प्रश्न : पुण्यात ट्यून केलेली गाडी महाबळेश्वरला गेली की पेट्रोल जास्त पिते आणि काळा धूर. ईसीयूत सेटिंग आहे का? – वाचक, पुणे

उत्तर : थ्रॉटल पोझिशनवर ट्यून केलेली दिसते. पुण्यात हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. थ्रॉटल तेवढाच उघडला तरी हवा नऊ-दहा टक्क्यांनी कमी, पेट्रोल तेवढंच. बॅरोमेट्रिक करेक्शन सुरू करा. डब्यात वेगळा बॅरो सेन्सर नसेल तर स्टार्ट करण्याआधी मॅप सेन्सरचं रीडिंग घेऊन काही ईसीयू काम भागवतात, पण घाट चढताना ते जुनंच राहतं. वर पोचल्यावर एकदा इंजिन बंद करून सुरू करा.

प्रश्न : ईसीयू बदलला तर आरटीओ काही म्हणेल का? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातली माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच बाजूने निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए खाली प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंजिन बदलल्याची नोंद वेगळी करून घ्यावी लागते. वरच्या सांगलीच्या वाचकांनी ती केली नसेल तर आधी ते काम. विमा कंपनीला कळवलं नसेल तर अपघातानंतर दावा अडतो. ट्रॅकवरच्या गाडीला हे लागू नाही, पण ती ट्रेलरवर न्यायची, चालवत नाही.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका. रस्त्यावरच्या गाडीत आयडलला आणि हलक्या थ्रॉटलला लॅम्बडा १ वर क्लोज्ड लूप ठेवा. पीयूसीच्या नळीला कळतं ते तेवढंच.